करंज्यांखालचा कागद

नाताळचा फराळ शेजारी वाटायचा म्हणजे वाटायचाच, ही आमच्या घराची रीत. नव्वदच्या दशकातल्या त्या नाताळला कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या जिन्यावर मी सात ताटं फिरवली. ताटांना तेल लागू नये म्हणून करंज्यांखाली कागद घातले. एका बाजूनं कोरे, दुसऱ्या बाजूला शाई पसरलेली. दहावीच्या पूर्वपरीक्षेचा गणिताचा पेपर सायक्लोस्टाइल यंत्रावर छापताना खराब निघालेले ते कागद. मी शिकवायचे त्या शाळेनं ते जाळायची जबाबदारी माझ्यावर टाकली होती. घरच्या बंबात जाळीन म्हणून आणले आणि चांगला कागद फुकट कशाला घालवायचा, म्हणून ठेवून दिले. काटकसरीचा मला भारी अभिमान.

जानेवारीत पेपर फुटल्याचा बोभाटा झाला. यंत्र चालवायचे आमचे शिपाईमामा. "त्यांच्याशिवाय कुणाचा हात लागतो त्या कागदांना?" असं शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांत मोठ्यानं मीच म्हणाले. मामांना घरी बसवलं.

आठवड्यानं शेजारीण नाताळपासून तिच्याकडे राहिलेलं ताट द्यायला आली. रिकामं कसं द्यायचं म्हणून त्यात गूळ. "बाई, तुमच्या करंज्यांखालची गणितं जशीच्या तशी आली की पेपरात! पोरीनं मैत्रिणींस्नी बी दिलती," ती कौतुकानं म्हणाली.

त्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन होतं. कुणाशी वाकडं असेल तर ते मिटवल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. ताट माझ्यापुढं आलं, मी तसंच पुढं सरकवलं. शेजारच्या बाईनं वळून पाहिलं. मला लाज वाटली आणि त्याहून जास्त स्वतःचाच राग आला. देवाला काय हवं ते मला पक्कं ठाऊक होतं. प्रार्थना करत वेळ काढण्यात अर्थ नव्हता.

सोमवारी मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. ते हळूच म्हणाले, "बाई, जूनमध्ये तुम्हाला कायम करायचंय. मामांना मी चार दिवसांनी परत घेतो. तुम्ही गप्प बसा."

मोह झाला, खोटं कशाला बोलू. पण मामांवरचा आळ तसाच राहिला असता. मधल्या सुट्टीत, जिथं तो घेतला होता त्याच खोलीत उभी राहून मी बोलले. कागद माझ्याच घरातून गेले, हे सगळ्यांना सांगितलं.

मामा कामावर परत आले. जूनमध्ये मी काही कायम झाले नाही. कुरुंदवाडच्या एका शाळेत, रोज एसटीनं जाऊन, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. उभ्यानं प्रवास करून पाय दुखले की देवाशी भांडायचे. त्या मधल्या सुट्टीबद्दल मात्र कधी पस्तावले नाही.

मामा वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. पुढच्या नाताळला मी ताट घेऊन त्यांच्या दारात गेले. त्यांनी वरचा रुमाल बाजूला केला, दोन करंज्या उचलल्या आणि खाली बघितलं.

"कागद न्हाय न्हवं?"

"नाही, मामा."

"मग आत या की," ते म्हणाले आणि हातातली एक करंजी त्यांनी मला दिली.