पिवळ्या माशाचं पाणी

मालवणच्या दोस्तांनो,

इथं नागपुरात आमच्या साहेबांनी काचपेटीत समुद्राचे मासे पाळलेत. आज त्यांचं पाणी मी बदललं. पाणी उकळून वाफ निववली, त्या शुद्ध पाण्यात मीठ कालवलं. खारटपणा मोजायची काचेची नळी बुडवायची सोडून जिभेवर घेतलं. आपल्या दर्यासारखंच लागलं, म्हणून ओतलं.

मासे आडवे झाले. साहेबांनी नळी बुडवली.

"मीठ निम्मंच आहे. समुद्रकाठचा ना रे तू?"

काढून ठेवलेल्या जुन्या पाण्यात परत सोडल्यावर बाकीचे सावरले. पिवळा मासा मेला. इथं मालवणीत बोलायला मला तेवढाच होता.

तुम्ही रोज दर्यावर असता. जरा पाणी चाखून लिवा, आधीसारख्याच खारट आसा मा? माझ्या जिभेचो माका भरवसो रवलो नाय.