राष्ट्राध्यक्ष पेन्सिलनं लिहायचे

नोकरी सोडताना किल्ली परत घेतात, ड्रॉवर रिकामा करून घेतात, पण किस्से कोणी परत मागत नाही यार! अडीच वर्षं मॅनहॅटनच्या त्या ऑफिसात काढली, आता सांता क्लाराला एका चिप कंपनीत निघालेय, आणि पॅकिंग करताना कपड्यांपेक्षा किस्सेच जास्त निघतायत.

ऑफिस म्हणजे सातव्या मजल्यावरच्या दोन खोल्या. आम्ही दर वर्षी एक जाडजूड पुस्तक काढायचो. आफ्रिकेतल्या कुठल्या देशात कोणाचं राज्य आहे, लष्कर कोणाचं ऐकतं, रस्ते चालू आहेत का, इलेक्शन खरंच होणार आहे का, असलं सगळं. कोकोवाले, तांब्याच्या खाणीवाले, इन्शुरन्सवाले ते घ्यायचे. माणसं तीन: बॉस वॉल्टर, कॉम्प्युटरवाली मी आणि ओबेद.

तिघांत आफ्रिका पाहिलेला एकटा ओबेद! तिथल्याच एका देशातला पत्रकार. जनरलविरुद्ध लिहिलं म्हणून त्याचा पेपर बंद केला, आणि बायको-मुलीला मागे ठेवून त्याला निघावं लागलं. घरी परत जायचं, एवढं एकच त्याच्या डोक्यात. देशाचं नाव मी सांगत नाही. त्या दोघी अजून तिथेच आहेत.

*

माझा पहिला दिवस. प्रत्येक देशाचं एक कार्ड असायचं. वॉल्टरनं चाळीस कोरी कार्डं दिली. मी उत्साहात, काळ्या पेननं, शाळेत बक्षीस मिळालेल्या अक्षरात सगळी भरली.

ओबेदनं एकेक कार्ड पाहिलं. म्हणाला, "अक्षर फार सुंदर आहे. पण पेननं फक्त नद्या लिहायच्या. राष्ट्राध्यक्ष पेन्सिलनं!"

मला वाटलं, नव्या मुलीची फिरकी घेतोय. गुरुवारपर्यंत दोन कार्डं बाद झाली!

*

ओबेदच्या टेबलावर एक शॉर्टवेव्ह रेडिओ होता, एरियलची तार खिडकीबाहेर सोडलेली. त्यानं मला शिकवलं होतं, की बातम्यांच्या वेळी बातम्यांऐवजी लष्करी बँड लागला, तर समजायचं सरकार गेलं.

मी म्हटलं, "आमच्याकडे बँड वाजला म्हणजे लग्न!"

"आमच्याकडे पण आयुष्यभराचंच असतं," तो म्हणाला.

एक दिवस तो लंचला गेला होता आणि रेडिओवर बँड सुरू झाला. त्याच्याच देशाचं स्टेशन! मी किंचाळले, "वॉल्टर, उठाव! उठाव झाला!" वॉल्टरनं लगेच चार कंपन्यांना फोन लावले. ओबेद परत आला, दारातच थांबला, दोन मिनिटं ऐकलं.

"आज आमचा स्वातंत्र्यदिन आहे," तो म्हणाला. "शाळेची मुलं वाजवतायत."

वॉल्टर चार कंपन्यांना सॉरी म्हणत बसला. मी हसत सुटले. ओबेद मात्र रेडिओला कान लावून बसला होता. त्याची मुलगी शाळेच्या बँडमध्ये होती, हे मला नंतर कळलं.

*

मग मी सगळी कार्डं कॉम्प्युटरवर चढवायला घेतली. मंत्र्याचा कार्यकाळ वर्षांत टाकायचा, असा प्रोग्राम लिहिला. ओबेद म्हणाला, "महिने ठेव." महिने ठेवले. तरी एका अर्थमंत्र्याला मशीन घेईना. सकाळी शपथ, दुपारी अटक! कार्यकाळ शून्य, आणि स्क्रीनवर सारखं 'इनव्हॅलिड, इनव्हॅलिड'.

ओबेदनं मॉनिटरवर थोपटलं. "हुशार आहे. आम्हाला हे समजायला वीस वर्षं लागली!"

*

एका कोकोवाल्याचा फोन. बंदरापासून उत्तरेकडचा रस्ता सेफ आहे का? ओबेदनं स्पीकर लावला.

"रस्त्यावर तीन नाकी आहेत," तो म्हणाला. "एक लष्कराचं, एक पोलिसांचं, आणि एक लष्कराचा युनिफॉर्म घातलेल्या लोकांचं."

"यातलं डेंजरस कुठलं?"

"ज्यांना पगार मिळालेला नाही, ते."

"आणि पगार कोणाला मिळालेला नाही?"

"तिघांनाही, सर!"

*

जर्सी सिटीला मी मावशीकडे राहायचे. तिला 'ओबेद' नाव काही जमेना. ती त्याला 'उमेद' म्हणायची, अगदी तोंडावर! त्याला एका रविवारी जेवायला बोलावलं. भरली वांगी, भाकरी, ठेचा. काकांनी काटा-चमचा पुढे केला, तर हा गडी हातानं आमच्यापेक्षा सफाईनं जेवला.

काकांनी विचारलं, "सध्या तुमच्याकडे राज्य कोणाचं?"

त्यानं घड्याळ पाहिलं. "मी ट्रेनमध्ये बसलो तेव्हा जनरलचंच होतं."

काका ठसका लागेपर्यंत हसले. मग मावशीनं विचारलं, "मुलगी केवढी आहे हो तुमची?"

त्यानं टेबलाच्या कडेशी हात धरला. मग थोडा वर नेला. मग आणखी थोडा. मावशी उठून उगाच आमटी गरम करायला गेली.

*

आता हा किस्सा मी कुणाला सांगत नाही, पण सांगते.

त्याच्या जनरलनं जाहीर केलं: बाहेर गेलेल्या सगळ्यांना माफी, परत या, लवकरच इलेक्शन घेऊ. नुसत्या शब्दावर ओबेद हलला नसता. पण तोवर मी प्रोग्राममध्ये ग्रेड बसवली होती. दहा प्रश्न, हो किंवा नाही, आणि मशीन ए ते डी ग्रेड काढणार! त्याचा देश कायम डी. त्या दिवशी मी नवीन उत्तरं भरली, आणि स्क्रीनवर आला सी!

"ओबेद! सी आला! तुझा देश सी झाला!"

"मशीन म्हणतं?"

"मशीन म्हणतं!"

वॉल्टरनं केक आणला. ओबेदनं त्याच आठवड्यात तिकीट काढलं.

तो गेला, आणि सहा आठवड्यांनी त्या जनरलला दुसऱ्या जनरलनं उचललं. नव्यानं पहिलं काम काय केलं? परत आलेल्या लोकांची यादी मागवली. मी ओबेदला तीन पत्रं टाकली. एक तसंच परत आलं. उरलेली दोन तर परतही आली नाहीत.

मग मी ती दहा उत्तरं काढून पाहिली. प्रश्न सहावा: 'वर्तमानपत्रं चालू आहेत का?' मी 'हो' टिक केलं होतं. चालू होतं की! एक. सरकारचं. त्या एका 'हो'नं डीचा सी झाला होता.

वॉल्टर म्हणाला, "तुझी चूक नाही. फॉर्ममध्ये प्रश्नच तसा होता."

फॉर्म मीच बनवला होता.

*

तो निघाला त्या दिवशी आम्ही त्याला सोडायला एअरपोर्टवर गेलो होतो. मावशीनं चिवडा दिला, मुलीसाठी फुलाफुलांचा स्वेटर दिला, दोन साइज मोठा. ओबेदनं हात मिळवला आणि माझ्याकडून शिकलेल्या मराठीत म्हणाला, "चला, जातो."

मावशी दचकलीच! "अहो उमेद, जातो नाही म्हणायचं! आमच्यात येतो म्हणतात. परत येणार ना तुम्ही जेवायला?"

त्यानं दोनतीनदा घोकलं. "येतो. येतो." मग मला हळूच म्हणाला, "मावशींना सांग, हे इथेच ठीक आहे. तिकडे उतरल्यावर 'परत येतो' म्हटलं, तर बाहेरून परत आलेला म्हणून आमचा इमिग्रेशनवाला नाव वहीत लिहून घेतो."

मी मावशीला सांगितलं. मावशीनं क्षणभर विचार केला. "मग तिथे 'आलो' म्हणा!"

"म्हणजे काय?"

"म्हणजे पोचलो. घरी आलो."

त्याला ते इतकं आवडलं! बोर्डिंग पास दाखवून तो आत गेला. आम्ही हात हलवत होतो. कोपऱ्यावर पोचला, वळला, स्वेटरची पिशवी उंच धरली आणि अख्ख्या टर्मिनलला ऐकू जाईल असा ओरडला:

"मावशी, आलो!"