गाडीला बोलू द्या

“थांबा. तुमी नका सांगू. आदी गाडीला बोलू द्या.”

गिऱ्हाइकाचं तक्रारीचं पहिलं वाक्य पुरं व्हायच्या आत उजव्या हाताचं बोट वर जायचं आणि हे ऐकायला मिळायचं. समोर साहेब असो की रिक्षावाला, बोट तेवढंच उंच. मग ते हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचे, त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटायचे. असे मेकॅनिक तुम्हीही पाहिले असतील. पण डोळे मिटल्यावर ज्यांच्या चेहऱ्यावर इतकी शांतता येते असे मी तरी दुसरे पाहिले नाहीत.

सोलापुरात विजापूर रस्त्यावर एकाच इमारतीत आम्ही दोघं होतो. खाली त्यांचं गॅरेज, वर माझा टायपिंगचा क्लास. टाइपरायटर जाऊन संगणक आले तरी माझी पाटी तीच राहिली. त्यांना सगळे अण्णा म्हणत. गिऱ्हाइकं, समोरचा चहावाला, माझ्या क्लासच्या मुलीसुद्धा. मी त्यांना अण्णा म्हणत नसे, ‘अहो’वर भागवत असे. ते मला बाई म्हणत.

ते मूळचे मंद्रूपकडचे, घरी मेंढरं. तरुणपणी सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात यंत्रमाग दुरुस्त करायला लागले आणि बारा वर्षं त्या खडखडाटात काढून मग गाड्यांकडे वळले. बायको लवकर गेली होती. मुलगी कलबुर्गीला दिलेली. बोलणं मोठ्यानं, कारखान्यात काम केलेली माणसं बोलतात तसं. खाली ते चहा मागायचे आणि वर माझ्या मुली दचकायच्या.

गाड्यांचा वेग वाढवून देण्यासाठी त्यांचं नाव होतं. सुपरचार्जर हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याकडून ऐकला, तेव्हा मला वाटलं मोबाइलचा काही प्रकार असेल. ते पोट धरून हसले आणि मग नीट समजावून सांगितलं.

“इंजिन आपली हवा आपण वढून घेतंय की बाई. ह्यो पट्ट्यावर फिरणारा पंखा हवा दाबून आत घालतो. हवा वाढली तर पेट्रोल वाढाय पायजे. माप चुकलं की इंजिन आतनं टिकटिक करतंय. ती टिकटिक लई वाईट. आली की लगीच पाय उचलायचा.”

“आणि नाही उचलला तर?”

“तर इंजिन न्हाय ऱ्हात. कवा कवा माणूसबी न्हाय ऱ्हात.”

हे त्यांनी हसत हसत सांगितलं होतं. मीही हसले होते.

अशी गाडी तयार झाली की तिची ट्रायल लागते. गाडी जागेवरच पळवून मापायचं यंत्र त्यांच्याकडे नव्हतं, म्हणून ते गाडी मंद्रूपच्या रस्त्याला काढायचे. काचेशेजारी दोन काटे लावलेले असत, एक हवेच्या दाबाचा आणि एक हवा-पेट्रोलच्या मापाचा. गाडी पळत असताना त्यांचे आकडे कुणीतरी टिपून घ्यायला हवेत. एक दिवस ते जिना चढून वर आले आणि दारातच उभे राहिले.

“बाई, तुमी बोटांकडं न बघता टाइप करता न्हवं?”

“तीस वर्षं तेच शिकवतेय.”

“मग चला की माज्यासंगं. डोळं काट्यावर, बोटं ल्यापटॉपवर. आसं माणूस मला कुटं गावायचं?”

अशी मी ट्रायलची बाई झाले. मागच्या सीटवर, मांडीवर लॅपटॉप घेऊन, एकोणपन्नासाव्या वर्षी. समोरच्या स्टेशनरीवालीनं विचारलंच, “काय बाई, फिरायला?” मी सांगितलं, कामाला. तिनं मान हलवली, पटलं नाही असं सांगणारी. लग्न न केलेल्या बाईच्या प्रत्येक कामाला आमच्याकडे दोन अर्थ असतात, आणि लोक दुसरा आधी वाचतात.

पहिल्या काही ट्रायलनंतर त्यांनी एक लहान गोल आरसा आणला. नेहमीच्या आरशाखाली तो रबरानं चिकटवायचा आणि काम झालं की काढून खिशात टाकायचा. “मागचं नीट दिसाय पायजे,” म्हणाले. रस्त्यावर मागून कोण येतंय ते मोठ्या आरशात दिसत होतंच. लहान आरशात मला त्यांचे डोळे दिसायचे. म्हणजे त्यांना मी दिसत असणार, एवढं गणित मलाही येत होतं.

गाडी वेग घ्यायची, सीट पाठीत रुतायची, मी आकडे टिपत असायचे, आणि मधूनच ती टिकटिक यायची. पत्र्याच्या डब्यात ज्वारीचे चार दाणे हलवल्यासारखी, अगदी बारीक. माझा कान त्या बाबतीत तिखट आहे. पाठमोरी असले तरी कुणाचं बोट चुकलं ते मला कळतं. टिकटिक आली की माझे दात आंबायचे, आणि त्याच क्षणी ते पाय उचलायचे. मला वाटायचं, काय कान आहे या माणसाचा! त्यावर ते बोट वर करून “बोलली बगा,” म्हणायचे, आणि आम्ही परत फिरायचो.

तीन वर्षं असं चाललं. त्यात काही गोष्टी मला दिसत होत्या. जिन्यातून मी हाक मारली तर ते वळून बघेनासे झाले. मला वाटलं, कामात आहेत. फोन वाजत राहायचा. मला वाटलं, कुणाला टाळतात. एकदा खिडकीतून पाहिलं तर स्क्रू ड्रायव्हरची मूठ त्यांनी कानामागून काढून दातांत धरली होती आणि जबडा घट्ट आवळून ते इंजिनावर ओणवे झाले होते. त्यांच्या चेहऱ्यावरची ती शांतता त्या दिवशी नव्हती. बुडणारा माणूस दोर धरतो तसा तो स्क्रू ड्रायव्हर धरलेला होता. मला क्षणभर भीती वाटली. मग मी मुलींना पुढचा उतारा दिला.

आणि ट्रायलमध्ये ते माझ्याकडे पूर्वीपेक्षा जास्त बघायला लागले. रस्ता सरळ असला की नजर आरशात. याचा अर्थ मी काय लावला, ते आता लिहूनच टाकते. मला ते आवडत होते. आपणही त्यांना आवडतो असं मला वाटत होतं. ट्रायलच्या दिवशी मी इरकल नेसायला लागले होते आणि गाडीत धूळ असते म्हणून जपून बसायला लागले होते.

त्या उन्हाळ्यात दुधनीचा एक तरुण व्यापारी आला. त्याच्या गाडीला दोन महिन्यांपूर्वी त्यांनीच सुपरचार्जर बसवून, सगळी मापं लावून दिली होती. आता त्यानं बाहेरून मागवलेला एक उघडा फिल्टर आणला होता. कंपनीचा हवेचा डबा काढायचा, जाड नळी टाकायची आणि तिच्या तोंडाला हा शंकूसारखा फिल्टर बसवायचा.

“अण्णा, हे पण टाकू की. आवाज कसलं भारी येतंय म्हणतात.”

“दोन्ही एकत्र नगं. पंखा आदीच दाबून घालायलाय. ही नळी मोटी, त्यात उघडा फिल्टर इंजिनाजवळची गरम हवा वढणार. लावलेली सगळी मापं बिघडतील.”

तो तीन वेळा आला. तीन वेळा ते नाही म्हणाले. चौथ्या वेळी तो म्हणाला, “ऱ्हाऊ दे. पुण्यात करून घेतो. लोक म्हणतात अण्णाला आता ऐकायला येत नाही, खरंच असेल.”

मी जिन्यात उभी होते. त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. हे मात्र त्यांना नीट ऐकू आलं होतं, कारण तो तोंडासमोर उभा राहून, त्यांच्याइतक्याच मोठ्यानं बोलला होता.

“ठेव गाडी,” ते म्हणाले. “मापं पुन्ना लावून देतो.”

ट्रायलच्या आदल्या दिवशी क्लासमध्ये एक साधीच गोष्ट झाली. एका मुलीनं माझी नक्कल केली. कुणी चुकीची कळ दाबली की मॅडम कसं तोंड करतात, ते तिनं नाक मुरडून, ओठ एका बाजूला ओढून दाखवलं. सगळ्या हसल्या. मीही हसले. घरी गेल्यावर आरशासमोर ते तोंड करून पाहिलं. फार वाईट दिसत होतं. तीन वर्षं टिकटिक आली की ते आरशात माझं हे तोंड बघतायत, या विचारानं मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही निघालो. वैशाखाचं ऊन, रस्त्यावर गाडी नाही की गुरंढोरं नाहीत. ते नेहमीसारखे बोलत नव्हते. वस्ती मागे पडल्यावर त्यांनी पाय दाबला आणि पुढून असा आवाज सुरू झाला की मी दचकलेच. फिल्टर हवा ओढत होता आणि वरून पंख्याची शीळ. घशात काहीतरी अडकलेलं जनावर गाडीपुढे पळत असावं, तसं वाटत होतं. त्या गदारोळाच्या तळाशी मला ती ऐकू आली. टिक टिक टिक. नेहमीपेक्षा दाट.

मी वर पाहिलं. लहान आरशात त्यांचे डोळे माझ्यावर होते.

मी चेहरा हलू दिला नाही. दातांत कळ आली ती दातांतच ठेवली. त्यांना ऐकू येतच असणार, त्यांच्यापुढे माझा कान तो काय, आणि गाडी बोलत असताना कुणी बोलायचं नाही हा तर त्यांचाच नियम. मी त्यांच्याकडे बघून हसले.

तेही हसले. किती दिवसांनी असे मोकळे हसले. आणि त्यांनी पाय आणखी दाबला.

परत आल्यावर त्यांनी स्वतः मला चहा आणून दिला. “जमलं बगा बाई,” म्हणाले. मी तो चहा पुरवून पुरवून प्यायले.

तिसऱ्या दिवशी मैंदर्गीच्या अलीकडे ट्रॅक्टरला ओलांडताना त्या गाडीचं इंजिन फुटलं. आतला दांडा इंजिनाचं कवच फोडून बाहेर आला, चाकं जागेवर आवळली आणि गाडी रस्ता सोडून झाडावर गेली. तो तरुण वाचला. उजवा पाय मात्र गुडघ्याखाली काढावा लागला.

त्यानंतर एका सकाळी अकराच्या बॅचला ते वर आले. हातात फडक्यात गुंडाळलेले लोखंडाचे तुकडे होते. मी मुलींना बाहेर पाठवलं. ते खुर्चीवर बसले नाहीत.

“बाई, खरं सांगा. ट्रायलला टिकटिक आलती?”

मी त्या तुकड्यांकडे पाहत होते. भीतीनं माझ्या तोंडून आपोआप निघालं, “नाही.”

त्यांना ते ऐकू आलं नसावं. माझी हललेली मान त्यांनी पाहिली.

“न्हाय न्हवं? मलाबी तसंच वाटलं. तुमाला एक सांगायचं व्हतं, लाजंपायी ऱ्हायलं. चार वर्सं झाली, बारीक आवाज मला येतच न्हाय. कारखान्यानं खाल्लं कान. त्यो आरसा त्येच्यासाटीच लावला व्हता की. टिकटिक आली की तुमचं तोंड आंबट व्हायचं, मी पाय उचलायचो. तीन वर्सं तुमच्या तोंडाकडं बगूनच काम केलं.”

हे शेवटचं वाक्य मी मनात किती वेळा त्यांच्या तोंडून ऐकलं होतं, ते त्यांना कसं सांगणार?

“त्या दिशी तर तुमी हासला,” ते म्हणाले. “म्हंजे माप बरुबर व्हतं. मग आतला बोल्टच ढिला ऱ्हायला आसंल माज्याकडनं. समद्याचा चुरा झालाय, आता कळायचं न्हाय.” त्यांनी दोन्ही हात पुढं धरून पाहिले, उलटे, सुलटे. “कानाचं मी चालवून घेतलं बाई. हाताचं कसं चालवू?”

त्या वेळी एका वाक्याचं काम होतं. आवाज आला होता, मी लपवला, तुमचा हात चुकला नाही. पण का लपवला, हे त्यांनी विचारलं असतं. बावन्न वर्षांच्या बाईला ते सांगायचा धीर झाला नाही. ते फडकं उचलून खाली गेले. पुढच्या आठ दिवसांत मी दोनदा अर्ध्या जिन्यापर्यंत उतरले आणि दोनदा परत आले.

दुधनीला जाऊन त्यांनी त्या मुलाच्या वडिलांपुढे चूक कबूल केली. आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला हात दाखवून सांगितलं, “आता ह्येचा भरवसा न्हाय.” मग हत्यारं विकून मंद्रूपला भावाकडे गेले. मेंढरांमागे जातात असं कळलं. कुणी गाडीबद्दल विचारलं तर हात पाठीमागे बांधून घेतात म्हणे.

मंद्रूप इथून तासाभरावर आहे. एसटी दर तासाला जाते. मी गेलेले नाही.

खाली आता फरसाणाचं दुकान आहे. परवा क्लास चालू असताना चौकात एक गाडी जोरात निघाली आणि तिच्यातून ती टिकटिक आली, स्पष्ट. माझं तोंड आक्रसलं. पुढच्या बाकावरच्या मुलीनं टाइप करायचं थांबून विचारलं, “मॅडम, दात दुखतोय का?”

मी हो म्हटलं.