न मारलेली हाक

पप्पांच्या चपला मांडीवर घेऊन मी काळ्या कातळाच्या कडेला बसले होते आणि समोरचा समुद्र इतका मागे गेला होता, की तो परत येईल असं वाटतच नव्हतं... कातळ सगळा भोकाभोकांचा, शिंपल्यांच्या धारांनी खरखरीत. त्याला शेवाळाचा ओला, खारट वास. पायाखाली कुठेतरी, दगडाच्या पोटात, पाणी आत ओढलं जाई आणि गुरगुरत बाहेर येई. मी सात वर्षांची होते. त्या आवाजाची भीती मला अजून नीट शब्दांत मांडता येत नाही, तरी प्रयत्न करते.

आम्ही अंबरनाथचे. पाणी म्हणजे ठरल्या वेळी नळाला येतं ते – एवढीच आमची त्याच्याशी ओळख. पप्पा आनंदनगरच्या एका कारखान्यात लोखंडी कपाटांवर रंग मारायचे आणि सुट्टीच्या दिवशी फोटो स्टुडिओंचे पडदे रंगवायचे. आमची एकुलती एक खोली मग टर्पेंटाइनच्या वासाने भरून जाई. भिंतीवर ताणलेल्या कापडावर गुलाबाचे ताटवे, बर्फाचे डोंगर... सगळं कॅलेंडरवर पाहिलेलं. पप्पा कडा रेखत असले, की आई कुकरसुद्धा लावत नसे. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या एका स्टुडिओवाल्या सिंधी शेठने त्यांना समुद्राचा पडदा सांगितला, खडकांचा, फुटणाऱ्या लाटांचा; आणि तयार झालेला पडदा पाहून तो हसत म्हणाला, "मास्टरजी, ये तो बारवी डॅम है. इसमें तो मेरी बूढ़ी माँ भी तैर लेगी." पप्पाही हसले. घरी येऊन जेवले मात्र नाहीत.

म्हणून ते समुद्र पाहायला निघाले, कोकणातल्या आईच्या मावसबहिणीकडे, मला सोबत घेऊन. दिवस निवडला पौर्णिमेचा. आमच्याकडे पौर्णिमेला आई पांढरी साडी नेसून बुद्धवंदना घेते, नवं काम त्याच दिवशी सुरू करायचं हा घरचा रिवाज. पौर्णिमेची ओहोटी सगळ्यांत लांब जाते आणि भरतीही तितक्याच जोराने परतते, हे किनाऱ्यावरच्या लेकरालाही ठाऊक असतं... आमच्यात कुणालाच नव्हतं.

सकाळच्या कोवळ्या उन्हात पप्पा कागद-पेन्सिल घेऊन दोन कातळांमधली कोरडी घळ ओलांडून शेवटच्या खडकावर गेले. जाताना म्हणाले, "मी काढत असताना हाक मारायची नाही, बाळा. हात हलला की रेघ जाते."

आधी खळगे भरले. मग घळीत पाणी आलं – घोट्याएवढं, नंतर गुडघ्याएवढं, पांढरा फेस फिरवत. पप्पांची माझ्याकडे पाठ होती, मान कागदावर. मला सगळं दिसत होतं. घशापर्यंत आलेली हाक मी गिळत होते, चपला घट्ट धरून. पाण्याची भीती मोठी की पप्पांच्या रागावण्याची, ते ठरेना. आणि मी गप्प राहिले...

हाक मारली ती एका बाईने. मागच्या खडकांना चिकटलेली कालवं ती काढत होती. कमरेला टोपली, हातात कोयती. "ओ दादा, मागं बघा, पाणी चढतंय!" एवढं ओरडून ती आपल्या वाटेने वर निघूनही गेली. लाटांच्या आवाजात पप्पांना नुसती हाक ऐकू गेली, शब्द नाहीत; ते वळले तेव्हा त्यांना काठावर फक्त मी दिसले.

ते छातीभर पाण्यातून आले, कागद डोक्यावर धरून, नडगी सोललेली. मला उचलून इतकंच म्हणाले, "बरं झालं हाक मारलीस." मी त्यांच्या खांद्यात तोंड लपवलं.

नव्या पडद्यावर पप्पांनी समुद्रातून दिसणारा किनारा काढला. मध्ये उसळणारं काळंहिरवं पाणी, दातांसारखे खडक, आणि पलीकडे नखाएवढी पिवळ्या फ्रॉकमधली मुलगी – तोंड उघडं, हाक मारताना. पडदा वाळेपर्यंत मी त्याच्याकडे पाठ करून झोपायचे. शेठने तो बराच वेळ पाहिला आणि हळूच म्हणाला, "डर लगता है." स्टुडिओत पुढे कितीतरी जोडप्यांनी त्यासमोर फोटो काढले. आता तो स्टुडिओ बंद झालाय. पडदा कुठे गेला, कुणाला माहीत नाही. पण घरी पाहुणे आले, की चहा होता होता पप्पा ती गोष्ट सांगायचेच. हिने हाक मारली म्हणून मी आज आहे, असं म्हणून माझ्याकडे बघायचे, आणि मी रिकामे कप उचलून आत जायचे.

यंदा माझी कॉलेजची मैत्रीण घरी आली, तिलाही त्यांनी सांगितली. ती गेल्यावर मी एका दमात सगळं बोलून टाकलं.

पप्पांनी नडगीवरून हात फिरवला. मग म्हणाले, "मीच सांगून ठेवलं होतं ना, हाक मारू नकोस म्हणून."

ते रागावले नाहीत. परवा मामा आले होते. चहा झाला, जुन्या गोष्टी निघाल्या, कोकणाचाही विषय निघाला... पप्पा ती गोष्ट न सांगताच उठून खिडकीपाशी गेले आणि बाहेर बघत राहिले.