इन्क्युबेटरमधलं विरजण

न्यू जर्सीतल्या त्या हिवाळ्यात माझ्या खोलीत दही लागत नव्हतं, एवढ्या फालतू कारणावरून मी एका माणसाचे सहा महिने मातीत घातले. हसू नका. मला अजून हसू येत नाही.

घरमालक हीटर जेमतेम चालू ठेवायचा. जवळच्या एडिसन गावातल्या एका काकूंनी मला छोट्या बाटलीत विरजण दिलं होतं. "इथल्या योगर्टने काही होत नाही गं, हे माझं वीस वर्षांचं आहे," म्हणाल्या होत्या. दोनदा लावलं, दोन्ही वेळा सकाळी दूध जसंच्या तसं. शेवटचा चमचा उरला होता आणि मला दहीभात हवा होता. हट्टी तर मी आहेच.

आमच्या लॅबमध्ये इन्क्युबेटर होता. म्हणजे पेशी वाढवायचं उबदार कपाट, आत बरोबर अंगाइतकी ऊब. बायोलॉजीची विद्यार्थिनी मी, तिथे खाण्याची वस्तू नेऊ नये हे मला कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. शनिवारी संध्याकाळी लॅब रिकामी बघून आईचं नाव कोरलेला स्टीलचा डबा मी आत ठेवला. जागा करायला पेशींच्या दोन प्लेट्स सरकवल्या. थोडं दूध सांडलं, ते टिश्यूने पुसलं. रविवारी सकाळी लवकर जाऊन डबा बॅगेत टाकला आणि घरी येऊन दहीभात खाल्ला. दही अगदी कवडी लागलं होतं. त्याचाच जास्त राग येतो.

त्या प्लेट्स ऑनीच्या होत्या. ऑनी म्हणजे कोरियन भाषेत ताई, बाईने आपल्यापेक्षा मोठ्या बाईला मारायची हाक. ती पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला होती, मी दुसऱ्या. लॅबमधलं सगळं मला तिनेच शिकवलं. दुपारी तिची किमची, म्हणजे तिखट आंबवलेला कोबी, आणि माझं लोणचं एकमेकींच्या डब्यात जायचं. मार्चमध्ये तिचा डिफेन्स होता, म्हणजे पीएचडीची शेवटची तोंडी परीक्षा. तिचे आईवडील कोरियात सोल शहराच्याही पलीकडच्या एका गावात राहायचे, कधी विमानात बसले नव्हते. डिफेन्स बघायला यायची त्यांची तिकिटं काढून झाली होती. आईने नवे बूट घेतल्याचा फोटो तिने मला दाखवला होता.

सोमवारी दुपारी ऑनीने इन्क्युबेटर उघडला आणि नुसती उभी राहिली. सगळ्या प्लेट्स गढूळ. मायक्रोस्कोपखाली काड्यांसारखे जंतू वळवळत होते. दह्यात असतात तसलेच. आणि किमचीत असतात तसलेच.

मंगळवारी आमच्या सरांनी सगळ्यांना बोलावलं. किमचीच्या वासावरून लॅबमध्ये आधीच कुरबुर होती, त्यामुळे कुणाला फार विचार करावा लागला नाही. "जेवून आल्यावर हात नीट धुतेस ना?" सरांनी तिला विचारलं. तिने मान खाली घातली. "चूक माझीच असेल," ती म्हणाली. मी वहीत तारीख लिहीत होते. एकच तारीख तीनदा लिहिली. तोंड उघडायला काय झालं होतं मेलीला! पण सरांनी लॅबमधून काढलं तर दुसरा गाईड कुठून मिळणार, नाही मिळाला तर परत जावं लागणार, घरी काय सांगू की दह्यापायी आले? गुरुवारी मीटिंग होती, तिथे सर ठरवणार होते डिफेन्सचं काय करायचं ते.

बुधवारी आईचा फोन आला. "लागलं का गं दही?"

"झक्क लागलं," मी म्हटलं. मग पोट दुखतंय सांगून फोन ठेवला आणि खूप रडले.

गुरुवारी सकाळी जेवणाच्या खोलीत गेले तर किमचीची मोठी बरणी धुऊन रॅकमध्ये पालथी घातलेली. ऑनी फ्रिजचा कप्पा साबणाने पुसत होती. आता वास येणार नाही, असं ती मला सांगायला लागली. मला ऐकवेना.

"ऑनी, ते मी केलं," मी म्हटलं. "शनिवारी मी आत दही लावलं होतं. तुझ्या प्लेट्स मी हलवल्या."

तिने फडकं पिळलं, वाळत घातलं. "मला माहीत आहे," ती म्हणाली. "रविवारी तू डबा बॅगेत टाकत होतीस तेव्हा मी काचेपलीकडे होते."

"मग बोलली का नाहीस?"

"तू मला ऑनी म्हणतेस. म्हटलं, येईल सांगायला." ती घड्याळाकडे बघत होती. "मंगळवारी सगळ्यांसमोर तुझ्याकडे पाहिलं. तू लिहीत होतीस. काल रात्री आईबाबांची तिकिटं कॅन्सल केली."

मीटिंगमध्ये मी उभी राहून सगळं सांगितलं. डबा, सांडलेलं दूध, टिश्यू, सगळं. सरांनी शांतपणे ऐकलं, ते ओरडले असते तर बरं झालं असतं. उन्हाळ्यापर्यंत कल्चर रूममध्ये, म्हणजे इन्क्युबेटरच्या खोलीत, मला बंदी, सगळी सफाई माझ्याकडे. लॅबमधून मात्र काढलं नाही. ज्याला भिऊन चार दिवस गप्प बसले ते झालंच नाही. ऑनीचा डिफेन्स सप्टेंबरपर्यंत पुढे गेला, नव्याने पेशी वाढवायच्या म्हणून. सप्टेंबरात तिच्या घरच्यांची शेतीची गडबड, त्यांना येता येणार नव्हतं. हे तिने सरांना सांगितलं, माझ्याकडे न बघता.

मीटिंग संपल्यावर मी तिच्यामागे जिन्यापर्यंत धावत गेले.

"ऑनी, ऐक ना..."

ती थांबली. चिडलेली नव्हती, दमलेली होती. "मला नावाने हाक मार," म्हणाली. "इथे सगळे नावानेच हाक मारतात."

नाव काय मला माहीत नव्हतं? पहिल्या दिवसापासून माहीत होतं, दारावर पाटी होती. पण दीड वर्षात एकदाही घेतलं नव्हतं. मी जिन्यात उभी राहून ते घ्यायचा प्रयत्न करत होते, तोवर ती खाली पोचलीही होती.