विस्टिनचं उजवं घड्याळ

आमच्या बेटाची राजधानी वॅलेटा पाहायला आलेल्या माणसाला विस्टिन भेटला नाही, तर तो माणूस नशीबवान. भेटला, तर सल्ल्यावाचून सुटका नाही. बंदराकडच्या उताराच्या तळाशी त्याचं चहाचं दुकान, त्याला लागून माझं केशकर्तनालय. त्यामुळे त्याचे सगळे सल्ले मला पाठ आहेत. ऐकायची इच्छा कधीच नव्हती, पण भिंत पातळ आहे.

दुपारी सावलीच्या बाजूनं चाला. उघड्या खांद्यांनी देवळात शिरू नका, दारातली बाई शाल देते पण नजरेनं जाळते. बंदरावरून वर जायचं तर लिफ्टनं जा, उन्हात पायऱ्यांच्या नादी लागू नका. पोटात गरम पास्तीत्सी असतील तर मुळीच नको. त्या खुसखुशीत पुड्यांतलं वाटाण्याचं सारण पायरीगणिक वर येतं. हे सगळं तो काचेच्या ग्लासात चहा ओतता ओतता सांगायचा, आणि शेवटी समोरच्या देवळाकडे बोट करायचा.

आमच्या देवळाला दोन मनोरे आणि दोन घड्याळं. उजवं माणसांसाठी, डावं सैतानासाठी. डावं मुद्दाम चुकीची वेळ दाखवतं, म्हणजे प्रार्थना नेमकी कधी आहे ते सैतानाला कळत नाही. "डावं बघाल तर बोट चुकेल. उजवं बघा. ते चुकत नाही," हे विस्टिन अशा थाटात सांगायचा, जणू किल्ली तोच देतो. त्यानं जन्मात मनगटाला घड्याळ बांधलं नाही. मोबाइल दुकानाच्या खणात, बॅटरी संपलेला. मीही त्याला हसू नये, कारण माझं दुकानही त्याच घड्याळावर चालतं.

असा हा जगाला वाट दाखवणारा माणूस स्वतःच्या बाबतीत मात्र ठार आंधळा. वर, पायऱ्यांच्या टोकाला जुडिता राहायची. कापडाचं दुकान होतं तिचं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. रोज सकाळी चहाला यायची. विस्टिन तिच्या ग्लासात आटवलेलं दूध दुप्पट घालायचा आणि हवेविषयी बोलायचा. इतकी वर्षं हवेविषयी! मी त्याला किती डिवचलं. दर वेळी म्हणायचा, योग्य वेळ आली की बोलेन.

मग जुडितानं दुकान विकलं. बहीण मेलबर्नला असते, तिच्याकडे कायमची निघाली. जायच्या दिवशी सकाळी चहा संपवून ती उठली आणि म्हणाली, "संध्याकाळी सहाला मी घराबाहेर पडणार. कुणाला काही बोलायचं असेल तर त्यानं त्याआधी वर यावं."

"कुणाला म्हणजे कुणाला?" विस्टिननं विचारलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी कात्री शोधायला लागलो.

दिवसभर त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एका जर्मन बाईला चहात मीठ घालून दिलं. तिनं मुकाट्यानं प्यायला, कदाचित इथली रीत समजून. दुपारी माझ्याकडून त्यानं दाढी करून घेतली, इस्त्रीचा शर्ट घातला. लवकर गेलं तर उतावीळ दिसेल, म्हणून साडेपाचला निघायचं ठरलं. बंदरावर रोज उडते ती चारची तोफ झाली. मग तो उजव्या घड्याळाकडे बघत बसला.

चार वाजून दहा मिनिटं. त्यानं ग्लास पुसले. चार दहा. बोलायचं काय ते माझ्यावर तीनदा म्हणून पाहिलं, मी तीनदा नकार दिला. चार दहा. "आज वेळ जाता जात नाही रे," तो कपाळाचा घाम पुसत म्हणाला. मी म्हटलं, प्रेमात असंच होतं. मला वाटतं, त्या क्षणी बेटावर आमच्यापेक्षा मोठे दोन मूर्ख नसतील.

तेवढ्यात तीच जर्मन बाई लगबगीनं बंदराकडे निघालेली दिसली. विस्टिननं तिला थांबवलं. घाई कशाला, बसा, बोटीला अवकाश आहे. तिनं मनगट पुढे केलं. सहा वाजून गेले होते. तुमचं घड्याळ जर्मनीच्या वेळेवर असेल, तो म्हणाला. जर्मनीत आणि इथे एकच वेळ असते, ती म्हणाली.

विस्टिननं उजव्या घड्याळाकडे पाहिलं. मग, आयुष्यात पहिल्यांदाच, डाव्याकडे पाहिलं. उजव्याचे काटे अजून चार दहावरच होते.

लिफ्टला वळसा पडतो, म्हणून तो पायऱ्यांनी पळाला. भर उन्हात, उन्हाच्याच बाजूनं, नुकत्याच खाल्लेल्या दोन पास्तीत्सी पोटात घेऊन. मी गिऱ्हाईकाला अर्ध्या मिशीवर सोडून मागे धावलो. मला वाईट वाटत होतं, खरंच वाटत होतं. ती गेली असणार, आणि हा उरलेलं आयुष्य माझ्याशी हवेविषयी बोलणार.

वर टॅक्सी उभी होती. चालक बॉनेटला टेकून अंजीर खात होता. जुडिता दाराच्या पायरीवर, शेजारी बॅग.

विस्टिन धापा टाकत तिच्यासमोर उभा राहिला. शर्टाचं पोतेरं झालेलं. "घड्याळ..." एवढंच आलं.

"माहीत आहे. बाल्कनीतले वाळलेले कपडे काढत होते तेव्हाच थांबलं ते. म्हटलं, आता हा माणूस खाली बसून राहणार."

"मग सांगायला यायचं ना खाली!"

"मी का येऊ? बोलायचं कुणाला होतं?"

चालक अंजिराचा देठ फेकून म्हणाला, बाई, आता निघालो नाही तर विमान विसरा. तिनं त्याला हातानं थांबवलं. विस्टिन कठड्याला धरून उभा होता. इतक्या वर्षांत जुळवलेलं सगळं भाषण पायऱ्यांवर सांडून आला होता.

"जाऊ नकोस," तो म्हणाला.

जुडिता पायरीवरून उठली. मग डोळे पुसून चालकाला म्हणाली, बॅग परत घरात ठेव.

"मला उशीर झाला," विस्टिन पुटपुटला. "सहाच्या आत यायचं होतं."

तिनं त्याचा हात धरून त्याला वळवलं. तिच्या दारातून गल्ली सरळ खाली उतरते आणि टोकाला देवळाचे मनोरे दिसतात.

"ते बघ," ती म्हणाली. "आपल्या घड्याळात अजून चार दहाच झालेत. वेळेआधी आलास."