लाल साडीचं पहिलं धुणं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, माझ्या सख्ख्या बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तसं पाहिलं तर गोष्ट केवढीशी — एका साडीची. कुणी मेलं नाही, कुणाचं घर मोडलं नाही. म्हणूनच बहुधा सांगायचं राहिलं. मोठं काही असतं तर कधीतरी, कुठल्यातरी भांडणात, तोंडातून निसटलं असतं. हे लहान होतं, म्हणून नीट दडून बसलं.

लहान होतं, असं मी आता म्हणते आहे. सांगून झाल्यावर म्हणेन की नाही — ठाऊक नाही.

एक्क्याऐंशी-ब्याऐंशी साल असेल. लग्न होऊन मी मुलुंडला आले त्याला फार दिवस झाले नव्हते. मुलुंड पूर्वेला आमची तिसऱ्या मजल्यावरची जागा. घरात सासूबाई, मोठे दीर, त्यांची बायको — म्हणजे माझ्या जाऊबाई, सुशीलावहिनी — त्यांची छोटी मृणाल, माझी नणंद रत्ना आणि आम्ही दोघं. जागा लहान होती, पण खरं सांगते, मला कधी अडचण वाटली नाही. हसतं घर होतं ते. रविवारी सकाळी पोळ्यांवरून सुद्धा हशा पिकायचा. माझ्यावर कुणी हात उगारला नाही, कुणी टोमणा मारला नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही माझ्यासाठी एखादं कारण शोधायला जाणार नाही.

वहिनींना रंगवायचा नाद होता. नाद म्हणजे काय — त्या बाजारचा रंग घरात आणत नसत. माहेरी कुडाळला त्यांची आई सूत रंगवायची, तिचं बघून त्या शिकलेल्या. डाळिंबाच्या साली साठवून पिवळा, जुनं लोखंड गुळाच्या पाण्यात कुजवून काळा, निळीचा निळा, आणि मंजिष्ठेचा लाल. मंजिष्ठेच्या मुळ्या काष्ठौषधीच्या दुकानातून यायच्या. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीच्या पाण्यात बुडवून वाळवायचं, आणि मगच रंगात घालायचं. सगळ्या घराला एक ओलसर, मातकट वास सुटायचा. गच्चीवरच्या दोरीवर सुताच्या लड्या लटकायच्या — लाल, पिवळ्या, काळ्या — आणि वर येणारी प्रत्येक बाई तिथे थांबायची. हात लावायची. मग म्हणायची, ‘अगं सुशीला, माझी ती पांढरी साडी पडून आहे, तिचं काहीतरी कर ना!’

आणि मी? मी त्या दोरीखालून कपड्यांची बादली घेऊन जायची. कुणी थांबायचं नाही.

हेवा वाटायचा का? तेव्हा विचारलं असतंत तर मी हसले असते. वहिनींचा हेवा? त्यांनीच मला ह्या घरात सांभाळून घेतलं होतं. मला मासे कापता येत नाहीत हे सासूबाईंपासून किती दिवस लपवलं त्यांनी! पण माणूस ज्याच्यावर माया करतो त्याचाच हेवाही करू शकतो — दोन्ही एकाच ताटात जेवतात. हे मला फार उशिरा कळलं.

त्यात रत्नाचं लग्न ठरलं. साखरपुड्याला तिने काय नेसायचं ह्यावर आठवडाभर घरात चर्चा. मी दादरला जाऊन तिच्यासाठी साडी आणली — गुलाबी, चमकदार, मला वाटलं होतं झकास आहे. रत्नाने ती उलगडली, ‘छान आहे गं,’ म्हणाली आणि परत घडी घातली. त्याच संध्याकाळी वहिनींनी तिला सांगितलं, की मी तुला सुती साडी मंजिष्ठेत रंगवून देते. रत्ना त्यांच्या गळ्यात पडली. माझ्या देखत. माझी साडी तिच्या मांडीवरून खाली घसरली, आणि ती कुणीच उचलली नाही. शेवटी मीच उचलली.

एवढंच. खरंच एवढंच झालं.

साडी रंगून निघाली तेव्हा मी सुद्धा बघत राहिले. तो लाल भडक नव्हता. पिकलेल्या करवंदाच्या आत असतो तसा, जरा खोल. पदराला बांधायच्या गोंड्यांसाठी वहिनींनी पिवळं सूतही रंगवून ठेवलं. मग साडी घडी करून कपाटात ठेवली. रंग मुरायला हवा, लगेच धुवायची नाही, म्हणाल्या. आणि नेमका त्याच दिवसांत कुडाळहून निरोप आला, वडिलांना बरं नाही. वहिनी मृणालला घेऊन एसटीने निघाल्या. निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं.

‘शोभा, साडीचं पहिलं धुणं तू कर. आईंना सांगू नको, त्या दगडावर आपटतील. गार पाणी घे. रिठे रात्री भिजत घाल, सकाळी कुस्करून गाळून घे, त्या पाण्यात नुसती बुचकळ. चोळू नको, पिळू नको. सावलीत वाळत घाल. सुटा रंग थोडा जाईल, घाबरू नको. करशील ना?’

‘करते,’ मी म्हणाले.

आता इथे मला पुष्कळ काही सांगता येईल. घाईत होते, पाणी जायची वेळ झाली होती, रिठे सापडले नाहीत. हे सगळं मी मनात इतक्या वेळा घोळवलंय की त्यातलं काही खरंच वाटायला लागलंय. पण रिठे भिजवलेले होते. वाटीत होते, ओट्यावर, मीच रात्री घातले होते. पाणीही होतं. सासूबाई देवळात गेल्या होत्या, रत्ना मैत्रिणीकडे. मी स्टोव्हवर पाणी तापवलं, बादलीत ओतलं, धुण्याचा सोडा घेतला — मूठ भरून — आणि त्यात साडी बुडवली.

मला माहीत होतं का काय होईल? किती बिघडेल ते माहीत नव्हतं. बिघडेल, हे माहीत होतं.

पाणी लगेच लाल झालं. मी काठीने साडी खाली दाबली. मग चहा टाकला, तो सावकाश प्यायला. परत येऊन पाहिलं तर बादलीत रक्तासारखं पाणी, आणि साडी कुठे मळकट जांभळट, कुठे फिकी, घडीच्या रेघांवर पांढुरके पट्टे. तरी मी थांबले नाही. पिळली. आणि वर जाऊन भर उन्हात वाळत घातली. रिठ्याचं पाणी मोरीत ओतून वाटी धुऊन ठेवली — हे मात्र अगदी नीट केलं.

सासूबाई आल्या, वर गेल्या, आणि तशाच खाली आल्या. ‘ह्या काय झाला गो?’

‘काय माहीत, आई. वहिनींनी सांगितलं तसंच धुतलं. रंगच कच्चा होता.’

बघा, साडी बिघडवली ती रागात, असं म्हणता येईल. पण हे वाक्य मी रागात बोलले नाही. शांतपणे बोलले. रंगवणाऱ्या बाईबद्दल ह्याहून वाईट काय बोलता येतं? कपडा जातो, दुसरा येतो. ‘हिचा रंग कच्चा’ म्हटलं की बाईच्या हातालाच डाग लागतो.

रत्ना संध्याकाळी आली. ‘वाट लागली गं साडीची!’ म्हणून रडली. मी तिला जवळ घेतलं, डोळे पुसले. आणि साखरपुड्याला ती माझी गुलाबी साडी नेसली. सगळ्यांनी विचारलं, कुणी घेतली, कुठून घेतली. मला आनंद झाला का? झाला. भरपूर झाला.

वहिनी साखरपुड्याच्या आदल्या दिवशी परतल्या होत्या. वडील बरे होते, त्या खुशीत आल्या होत्या. साडी हातात घेऊन त्या खिडकीपाशी गेल्या, उजेडात धरली, घडीच्या रेघांवरून अंगठा फिरवला. मला एकदाच विचारलं, ‘पाणी गार होतं ना गं?’

‘गारच होतं.’

‘मग माझंच चुकलं,’ त्या म्हणाल्या. बस्. दुसऱ्यांदा विचारलं नाही. रत्नाची माफी मागितली, आणि स्वैपाकघरात जाऊन पुरणाच्या तयारीला लागल्या.

त्यानंतर मी जे पाहिलं ते सांगणं मला साडीपेक्षा जड जातंय. वहिनींनी चूक शोधायला घेतली. लहान लहान तुकडे रंगवायच्या. एकाला तुरटी जास्त, एकाला कमी. एकाला हिरडा दोनदा. मंजिष्ठा नवीन आणली, दुकान बदललं. नळाचं पाणी वाईट असेल म्हणून खालच्या विहिरीचं आणलं — मीच कळशी धरली. तुकडे धुऊन बघायच्या, आणि रंग जागचा हलायचा नाही. मग कपाळाला आठी घालून म्हणायच्या, ‘तुकड्यावर लागतो गं. साडीवरच कसा नाही लागला?’ त्यांनी मुळ्या तपासल्या, पाणी तपासलं, भांडं तपासलं, स्वतःचे हात तपासले. माझा शब्द तेवढा तपासला नाही.

तेव्हा सांगता आलं असतं. त्या पहिल्या तुकड्याच्या वेळी सांगता आलं असतं, दुसऱ्याच्याही. मग दिवस जातात तसं न सांगणं आणखी सोपं होत जातं.

बिल्डिंगमध्ये बातमी पसरलीच होती. सासूबाईंनीच बोलता बोलता कुणाला सांगितलं, वाईट हेतूने नाही. बायकांनी साड्या द्यायचं थांबवलं. तोंडावर कुणी बोललं नाही, फक्त ‘बघू गं पुढे’ म्हणायच्या. आणि वहिनींनी लाल सोडला. पिवळा करायच्या, निळा करायच्या, घरातल्या चादरींपुरता, मृणालच्या फ्रॉकपुरता. कुणी विचारलं तर हसून सांगायच्या, ‘लाल माझ्या हाताला लागत नाही.’

तुम्हाला वाटेल, माझी झोप उडाली असेल. उडाली नाही. मला व्यवस्थित झोप लागायची. माझी मुलं झाली, माझी बाळंतपणं वहिनींनी केली, आम्ही दोघींनी मिळून लोणची घातली, उन्हाळ्यात कुडाळला गेलो, त्यांच्या आईच्या हातच्या आंबोळ्या खाल्ल्या. त्यांनी मला रंगीत सुताचं सगळं शिकवलं — काळं आणि पिवळं एका पाण्यात घालायचं नाही, लिंबू जवळ सुद्धा आणायचं नाही, ऊन दाखवायचं नाही, घडी अधूनमधून बदलायची. मी ते मन लावून शिकले. घरातलं रंगवलेलं प्रत्येक कापड पुढे मीच धुवायची. ‘शोभाचा हात हलका आहे,’ वहिनी सगळ्यांना सांगायच्या. आमच्यासारख्या जावा मुलुंडात नसतील, असं लोक म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. मी सुखात होते. आजही आहे. वहिनी दोन वर्षांपूर्वी गेल्या, झोपेतच, आणि त्यांच्या पायाशी मी होते. तेव्हाही सांगितलं नाही.

पण मला सांगायचंय ते मृणालच्या दुपट्ट्याचं. दशक संपत आलं होतं, मृणाल कॉलेजात जायला लागली होती. तिने एक दिवस हट्ट धरला, मला मंजिष्ठेचा लाल करायचाय. वहिनी नको नको म्हणत होत्या, पण लेकीपुढे काय चालतं? आईने सांगितलं तसंच तिने सगळं केलं — तोच हिरडा, तीच तुरटी, तेच पातेलं. दुपट्टा छान रंगला. रंग मुरल्यावर वहिनींनी तो माझ्या हातात दिला.

‘तूच धू गं. माझी हिंमत नाही.’

मी रिठे भिजवले. सकाळी गार पाण्यात गाळून घेतले. दुपट्टा बुचकळला, वर काढला, पुन्हा बुचकळला. वहिनी मोरीच्या दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. पाणी जरासं गुलाबी झालं, आणि तेवढंच. दुसऱ्या पाण्यात तेही नाही. मी दुपट्टा न पिळता उचलला, गॅलरीत सावलीला पसरला. तो ओला, जड, लालबुंद लोंबत होता.

वहिनी जवळ आल्या. त्यांनी कड बोटांत धरली, बोटं आपल्या पांढऱ्या पदराला पुसून पाहिली. पदर पांढराच राहिला. त्यांचा चेहरा इतका उजळला, काय सांगू! लेकीचं कौतुक होतं ते, निव्वळ कौतुक.

‘हिच्या हाताला लागला बघ, शोभा,’ त्या म्हणाल्या. ‘माझ्या नाही लागला कधी. असतं एकेकाच्या हाताला, नाही?’

मृणाल आत गाणं गुणगुणत होती. गॅलरीत आम्ही दोघीच होतो.

‘हो,’ मी म्हणाले.

मग आम्ही तिथेच बसून चहा घेतला. चहा चांगला झाला होता.